माझा नवा सदरा आणि आकाराममामांचे माग

मी एक जुना तापमापक आहे. खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. एका लाकडी पाटीवर आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी बसवलेले आहोत. दोघांची काच एकाच भट्टीतली, दोघांच्या पोटातला पारा एकाच बरणीतला. फरक इतकाच, की माझ्या भावाचं पोट उघडं असतं आणि माझ्या पोटावर सुती कापडाचा एक सदरा असतो. त्या सदऱ्याचं शेपूट खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेलं असतं. म्हणून त्याला 'कोरडा' म्हणतात आणि मला 'ओला'. आमच्या जोडीनं हवेतला ओलावा मोजतात. कसा मोजतात ते मला इतकी वर्षं झाली तरी नीटसं कळलेलं नाही, आणि मित्रांनो, माझी सगळी गोष्ट या न कळण्याचीच आहे.

कारखान्यात आम्हाला तयार केलं तेव्हा एका भल्या माणसानं आम्हा दोघांना एकाच वेळी बर्फाच्या पाण्यात बुडवलं. दोघांनीही शून्य दाखवलं. मग कोमट पाण्यात घातलं, तिथेही दोघांचा आकडा एकच आला. तो खूश होऊन म्हणाला, "जोडी जमली." ते ऐकून मला फार बरं वाटलं. आपण दोघं आयुष्यभर एकच आकडा सांगणार, अशी माझी समजूत झाली. मग आम्हाला पाटीवर बसवलं, माझ्या अंगात सदरा घातला, शेपूट पाण्यात सोडलं, आणि त्या दिवसापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

आमची पहिली नोकरी कोल्हापूरबाहेरच्या एका शेतकी शाळेच्या आवारात होती. तिथे तारेच्या कुंपणात हवामानाची सगळी आयुधं मांडलेली होती. पाऊस मोजणारं नरसाळं होतं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या गरगर फिरणाऱ्या वाट्या होत्या. आम्ही दोघं एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत राहायचो. पेटीत वारा यायचा, पण ऊन यायचं नाही. अनुजाताई नावाच्या बाई रोज सकाळ-दुपार यायच्या, पेटीचं दार उघडायच्या आणि आम्हाला वाचायच्या.

पावसाळ्यात त्या नरसाळ्याचा रुबाब काय विचारता! गावात कुठेही गेलं तरी त्याचीच चौकशी. "आज किती पडला?" असं विचारत लोक कुंपणाशी यायचे. "आज ओला किती?" असं विचारायला कधी कुणी आलं नाही.

उलट मुलांची सहल आली की माझी फजिती ठरलेली. मुलं पेटीत डोकावायची आणि कुणीतरी ओरडायचंच, "बाई, ह्यो बिघडलाय! ह्येचा भाऊ बत्तीस दावतोय, ह्यो चोवीसच!" मी शरमेनं आणखी गार व्हायचो. अनुजाताई हसून सांगायच्या, "बिघडला नाही रे. ओल्या अंगाला वारा लागला की तुम्हाला गार वाटतं ना? नदीतून बाहेर आल्यावर? तसंच त्याचं. हवा जितकी कोरडी, तितकं त्याच्या कापडातलं पाणी भराभरा उडतं आणि तितका तो गार पडतो. हवा दमट असली तर पाणी उडतच नाही, मग दोघं सारखे. दोघांमधला फरक बघायचा, म्हणजे..." आणि दर वेळी इथेच शाळेची घंटा व्हायची आणि मुलं डबा खायला पळायची. त्यामुळे 'म्हणजे'च्या पुढचं मला कधी ऐकायलाच मिळालं नाही.

माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की भाऊ खरं बोलतो आणि मी कमी बोलतो. एकाच पेटीत, एकाच हवेत राहून मला त्याच्याइतकं तापता येत नाही. पावसाळ्यात मात्र कधीकधी आमचे आकडे अगदी जुळायचे. त्या दिवशी मला वाटायचं, आज आपण पास झालो.

पुढे एक दिवस आवारात एक पांढरा खांब उभा राहिला. त्याच्या डोक्यावर उन्हावर चालणारी तबकडी होती. तो स्वतःच हवा मोजायचा आणि स्वतःच कुठेतरी कळवायचा. अनुजाताईंची बदली झाली. माझ्या बाटलीतलं पाणी आटलं, सदरा वाळून कडक झाला, पेटीत पालीनं अंडी घातली. दोन वर्षं आमचं दार कुणी उघडलं नाही. मग जुन्या सामानाचा लिलाव निघाला आणि आम्ही लोखंडी कपाटांच्या ढिगाबरोबर इचलकरंजीला आलो.

कपाटं घेतली होती चनबसाप्पांनी. त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता, लांबलचक, पत्र्याच्या छपराचा. त्यात चोवीस माग होते. माग म्हणजे कापड विणायचं यंत्र. चोवीस माग एकदम सुरू झाले की माणसाला शेजारच्याशी बोलायलाही कानात ओरडावं लागायचं. मला पहिले चार दिवस वाटलं, आपली काच आता तडकणार. पण सवय झाली.

चनबसाप्पा पाटी हातात घेऊन म्हणाले, "हे भंगारात घालायचं न्हाई. सुताला दमट हवा लागतीय. हवा कोरडी पडली की धागा कडक हुतोय आन् तटातटा तुटतोय. ह्ये मीटर आपल्याला सांगंल, कवा पाणी मारायचं ते."

त्यांनी आम्हाला टांगलं ते दाराजवळच्या खांबावर. त्या खांबाच्या भोवतीचे चार माग आकाराममामा चालवायचे. मामा तेव्हा चाळिशीचे होते. धिप्पाड अंग, बोटं मात्र बाईमाणसासारखी हळुवार. तुटलेला तार, म्हणजे सुताचा धागा, असा जोडायचे की कापडावर गाठ शोधून सापडायची नाही. म्हणून सगळ्यात बारीक सूत नेहमी त्यांच्याच मागांवर चढायचं.

"आकाराम, ह्येला रोज पाणी पाजायचं बघ," चनबसाप्पांनी बजावलं.

"पाजतो की अप्पा," मामा म्हणाले, आणि बारा वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. सकाळी आल्यावर मागाला हात लावायच्या आधी ते माझी बाटली बघायचे. दोन-तीन दिवसांत पाणी निम्म्यावर यायचंच, मग भरायचे. महिन्या-दोन महिन्यांनी सदरा मळला की मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी रत्नव्वा आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून द्यायची आणि मामा ती माझ्या पोटाला दोऱ्यानं बांधायचे.

आमच्यातला फरक वाढला की चनबसाप्पा हात वर करायचे. मग फवाऱ्याचे पंखे सुरू व्हायचे, ओली पोती टांगली जायची, जमिनीवर पाणी शिंपडलं जायचं. थोड्या वेळानं फरक कमी व्हायचा. मला वाटायचं, मी चुकतो म्हणून ही माणसं एवढी धावपळ करून मला दुरुस्त करतात. त्यांचे उपकार वाटायचे आणि लाजही वाटायची.

गेल्या वर्षी चनबसाप्पांचे गुडघे गेले. कारखान्याचा कारभार त्यांच्या मुलाकडे, मल्लेशकडे आला. मल्लेश कापडाचं शिक्षण घेऊन आलेला, हुशार आणि घाईचा. त्यानं माझ्या पाटीखाली एक छापील तक्ता चिकटवला. फरक इतका असेल तर ओलावा इतके टक्के, असं त्यावर लिहिलेलं होतं. "अंदाजपंचे कारभार बंद," तो सगळ्यांना म्हणाला. "मीटर सांगंल तसं पाणी मारायचं. जास्त पाणी मारलं की माग गंजत्यात, कापडाला बुरशी धरतीय." मला पहिल्यांदाच वाटलं, आता आपल्याला कुणीतरी नीट वाचणार.

मग खंडेनवमी आली. मित्रांनो, खंडेनवमीला आमच्याकडे कुणी यंत्राला कामाला लावत नाही. त्या दिवशी यंत्रांचा मान असतो. माग पुसले, तेलपाणी केलं, झेंडूच्या माळा घातल्या. रत्नव्वानं प्रत्येक मागाला विभूतीची तीन बोटं ओढली आणि हळदीकुंकू लावलं. आकाराममामांनी आपले चारही माग पुजले आणि मग माझ्याकडे बघत उभे राहिले.

"रत्नव्वा, सगळ्यास्नी नवं झालं. ह्येच्या अंगावर मात्र तुझ्या लुगड्याची चिंधी."

"मग शिवा की नवं!" ती पलीकडून हसत म्हणाली आणि नारळ आणायला गेली.

मामांनी खरंच मनावर घेतलं. आदल्या दिवशी त्यांच्या मागावरून नवं कापड उतरलं होतं. बारीक सुताचं, पांढरं शुभ्र, कडक. त्या ताग्याच्या कडेचा तुकडा त्यांनी कापला. माझा जुना सदरा सोडून टाकला आणि नवा घातला, नव्या दोऱ्यानं बांधला, शेपूट बाटलीत सोडलं. वर झेंडूचं एक फूल खोचलं. "हं! आता कसा नवरदेव दिसतोय!" म्हणाले आणि हात जोडून पाया पडले. माझ्या! इतक्या वर्षांत माझ्या कुणी पाया पडलं नव्हतं. मला भरून आलं.

आणि मित्रांनो, त्याच दिवशी चमत्कार झाला. जुना ओलावा माझ्या अंगावरून वाळून गेला आणि मी हळूहळू चढू लागलो. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. भाऊ बत्तीसवर होता. संध्याकाळपर्यंत मीही बत्तीसवर जाऊन पोचलो. भाऊ आणि मी सारखे! माझा आनंद पोटात मावेना. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं दोष माझा नव्हताच, जुन्या चिंधीचा होता. नवा सदरा मिळाला आणि मी शहाणा झालो.

दसऱ्याचं सोनं लुटून झालं आणि माग पुन्हा सुरू झाले. पाऊस केव्हाच परतला होता. पूर्वेकडून रखरखीत वारा सुटला होता आणि दुपारी पत्रा नुसता तापायचा. कामगारांचे ओठ फुटायला लागले. पण मल्लेशनं खांबाशी येऊन मला वाचलं, भावाला वाचलं, तक्ता वाचला आणि म्हणाला, "फरकच न्हाई! म्हंजे हवा भरपूर दमट हाय. पंखं बंद करा. पोती काढा."

त्यानं माझ्यावर इतका विश्वास टाकला, की मी अभिमानानं ताठ झालो.

दुसऱ्या दिवशी आकाराममामांच्या एका मागावर तार तुटला. त्यांनी जोडला. लगेच शेजारच्या मागावर दोन तुटले. ते जोडेपर्यंत तिसरा माग थांबला. दुपारपर्यंत मामा चार मागांमध्ये नुसते पळत होते. इतरांच्या मागांवर जाडं सूत होतं. तेही तुटत होतं, पण निभावत होतं. मामांचं बारीक सूत मात्र तग धरेना. त्यांचे माग दाराशी असल्यामुळे वाऱ्याची झळही त्यांनाच पहिली लागायची.

"मालक, हवा लई कोरडी पडलीया," मामा मल्लेशला म्हणाले. "जरा पाणी मारू द्या."

"मामा, या हिकडं. तुमीच बघा की. किती फरक हाय?"

मामांनी डोळे बारीक करून बघितलं. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे.

"कायच न्हाई," ते म्हणाले.

"मग? मीटर खोटं बोलतंय व्हय?"

"न्हाई बा," मामा म्हणाले. "ह्ये कधी खोटं बोललं न्हाई. बारा वर्सं बघतोय मी."

आणि तिथेच माझा गोंधळ सुरू झाला. मी तर बरोबर होतो, मग सूत का तुटत होतं? हवा दमट होती, मग रत्नव्वा सारखी घोटघोट पाणी का पीत होती? मामांच्या बोटांना भेगा का पडत होत्या? मी भावाला विचारलं. पण भाऊ कोरडा तो कोरडाच. म्हणाला, "मला फक्त हवा किती तापलीय ते कळतं. बाकीचं तू बघायचंस." मी काय बघणार? मी तर त्याच्यासारखंच बोलायला शिकलो होतो आणि त्यातच खूश होतो.

आठ-दहा दिवस गेले. एका व्यापाऱ्यानं मामांच्या मागावरचे तागे परत पाठवले. कापडात जागोजागी तार सुटलेले, गाठी दिसत होत्या. मल्लेशनं तागा टेबलावर पसरला आणि मामांना बोलावलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वय झालं. बारीक सुताला तेज नजर लागतीय, तसाच हात लागतोय. शनवारपास्नं तुमचं चार माग दुसऱ्याला देतो. तुमी घडीच्या टेबलावर बसा. कापडाच्या घड्या घालायच्या, बसून काम."

मामांनी ताग्याची घडी घातली. परत येऊन खांबाला टेकले. त्यांचा हात माझ्या पाटीशेजारीच होता. ते स्वतःशीच पुटपुटले, "हवा चांगली हाय म्हंत्यात. म्हंजे माझंच हात गेलं."

मित्रांनो, मला हे ऐकवलं नाही. बावीस वर्षं माग चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोटांचा भरवसा उरला नव्हता, आणि तो कुणामुळे? मी सांगितलेल्या आकड्यामुळे. त्यांची कातडी सांगत होती की हवा कोरडी आहे, फुटलेले ओठ सांगत होते, तुटणारं सूत सांगत होतं. पण मी नाही म्हणत होतो, आणि त्यांनी स्वतःला सोडून माझं ऐकलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? माझं चुकतंय कुठे हेच मला समजत नव्हतं. मी तर आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या बरोबरीनं उभा होतो.

शनिवार उजाडला. दुपारच्या जेवणाला माग थांबले. एकदम शांतता पसरली. मामा भाकरी न खाता आपल्या चार मागांवरून फडकं फिरवत होते. दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर पुसून द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. रत्नव्वा माझ्या खांबाशी जेवायला बसली होती. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिची नजर वर माझ्या बाटलीकडे गेली.

"दादा," ती मामांना म्हणाली, "ह्या बाटलीत कवा पाणी घातलासा?"

"नवमीला. का?"

"मग अजून काठोकाठ कशी?"

मामा फडकं हातात घेऊन आले. खरंच, बाटली भरलेली होती. पंधरवडा होत आला होता. एरवी दोन-तीन दिवसांत निम्मं व्हायचं ते पाणी जसंच्या तसं. या गडबडीत मामांना बाटलीकडे बघायलाही फुरसत झाली नव्हती, आणि मल्लेश फक्त आकडे बघायचा.

रत्नव्वा उठली. तिनं भाकरीचा हात पदराला पुसला आणि माझ्या सदऱ्याला बोट लावलं. मग दोन बोटांत धरून चुरगाळला. तो करकरला.

"यव्वा! ह्ये तर ठणठणीत वाळलंय! दादा, ह्ये कापड कुठलं?"

"आपल्याच मागावरचं. नवं कोरं."

"धुतलासा?"

"नव्याला कशाला धुयाचं?"

रत्नव्वानं कपाळावर हात मारला. "आवो दादा, खळीचं कापड ह्ये! मागावर चढवायच्या आधी सुताला खळ पाजत्यात न्हवं? ती हाय की अजून ह्येच्यात. नवा टॉवेल कधी अंग पुसतोय का? चार वेळा धुतल्याबिगर पाणी टिपतोय का त्यो? तसंच ह्ये. शेपूट पाण्यात हाय, पर वर थेंब चढंना. कापड विणण्यात आपला जन्म गेला आन् एवढं कळू ने आपल्याला?"

तिनं पुढचा विचार केला नाही. जुन्या पदराच्या टोकाची एक पट्टी टर्रकन फाडली. मऊ, शंभर वेळा धुतलेली. माझा नवा सदरा सोडला, ती पट्टी बाटलीत बुडवली आणि माझ्या पोटाला बांधली.

आणि मी घसरलो. तेहतीसवरून तीस, अठ्ठावीस, सव्वीस. मला थांबवता येईना. इतक्या मेहनतीनं मिळवलेली बरोबरी हातची जात होती आणि सगळ्यांसमोर माझा पोकळ मोठेपणा उघडा पडत होता. चोवीसवर येऊन मी थांबलो. भाऊ तेहतीसवरच.

मामा तक्त्यावर बोट फिरवत होते. "ओलावा निम्मा बी न्हाई," ते म्हणाले. "रत्नव्वा, ओलावा निम्मा बी न्हाई गं!"

रत्नव्वानं मल्लेशला हाक मारली ती आख्ख्या कारखान्याला ऐकू गेली. तो आला. त्यानं मला वाचलं, भावाला वाचलं, तक्ता वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग जमिनीवर पडलेला कोरा सदरा उचलला, त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला. आत शिरला नाही.

"ह्ये कुणी बांधलं?" त्यानं विचारलं.

रत्नव्वानं मामांच्या हाताला हळूच चिमटा काढला. मामा गप्प राहिले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. मीटर बिघडलं होतं, एवढ्यावर सगळं मिटलं असतं आणि मामांचं नाव साफ झालं असतं.

"म्या बांधलं," मामा म्हणाले. "नवमीला. पूजा म्हणून. चूक माजीच हाय मालक."

मल्लेशचा चेहरा उतरला. त्यानं तो तुकडा बोटांत चुरगाळला. मग म्हणाला, "मामा, खळीचं कापड पाणी पीत न्हाई, ह्ये मला पयल्याच वर्साला शिकवलं हुतं. परीक्षेत लिवलं हुतं मी. आन् पंधरा दिस ह्या खांबासमोर हुबा ऱ्हायलो, पर एकदा बोट लावून बघितलं न्हाई." त्यानं मान खाली घातली. "तुमी मला सांगत हुतासा. मी ऐकलं न्हाई. माझंच चुकलं."

मामा म्हणाले, "आदी पंखं लावा, मालक."

पंखे सुरू झाले. ओली पोती पुन्हा टांगली. रत्नव्वानं दोन घागरी पाणी जमिनीवर ओतलं. मातीचा वास आला. मी चोवीसवरून पंचवीसवर, मग सव्वीसवर चढलो. भाऊ दोन घरं उतरला. अर्ध्या तासानं मामांनी एक माग सुरू केला. मग दुसरा, तिसरा आणि चौथा. ते मधोमध उभे राहिले, हात पुढे करून, तार तुटायची वाट बघत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चारही माग खडखडत राहिले. मामांनी हात खाली घेतले, आपली बोटं तोंडाजवळ नेऊन बघितली आणि त्या एवढ्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्या दिवशी त्यांचे माग दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत. घडीच्या टेबलावर मल्लेशच जाऊन बसला आणि परत आलेले तागे तपासू लागला.

मी मात्र अजून गोंधळलेलाच आहे. ओलं राहिल्यानं आपण गार का पडतो, हे मला धड सांगता येणार नाही. सगळे सारखे झाले की बरं असतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मग मी भावासारखा झालो तेव्हाच सगळं वाईट का झालं? एवढं मात्र आता समजलंय, की मी भावाच्या मागे पडतो ती माझी चूक नव्हे, तेच माझं काम आहे. त्याच्या आणि माझ्या मधल्या त्या मोकळ्या जागेतच हवा लिहिलेली असते. कदाचित अनुजाताई त्या घंटेच्या आधी हेच सांगणार असतील. नक्की माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा कुठल्या बागेत माझा कुणी भाऊबंद टांगलेला दिसला, तर त्याचा आकडा वाचायच्या आधी त्याची बाटली बघा. त्याचं कापड जुनं, मऊ आणि धुतलेलं आहे ना, ते बोट लावून बघा. त्या नरसाळ्यातला पालापाचोळा काढा, वाऱ्याच्या बाणाला थेंबभर तेल घाला. आमची पूजा नाही केली तरी चालेल. आणि आम्ही एक सांगत असू आणि शेजारी उभं असलेलं माणूस दुसरं सांगत असेल, तर एकदा त्याचंही ऐका. आम्ही काच आहोत. आमच्या अंगावर जे घालाल, त्याप्रमाणे आम्ही बोलतो.

पंधरा दिवस मी आकाराममामांच्या विरुद्ध साक्ष देत होतो. सोमवारी सकाळी ते कामावर आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, मागांना हात लावला नाही, सरळ माझ्याकडे आले आणि माझ्या बाटलीत पाणी भरलं.